हळदीकुंकवाबाहेरचे घर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय नाही, तरी एक चूक कबूल करायला उभी आहे.

आमच्या बोळात एक बाई राहते. नवरा वारला, पदरी दोन मुले. मी तिला जुने कपडे द्यायची, सणाला पुरणपोळी पाठवायची, आणि आपण पुण्य करतो असे मनाशी म्हणायची. मागच्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अंगणवाडीच्या ताईंनी बालसंगोपन योजनेची माहिती दिली. वडील किंवा आई नसलेल्या गरजू मुलाला अठरा वर्षांपर्यंत सरकार दरमहा पैसे देते. पूर्वी ११०० रुपये होते, २०२३ साली २२५० झाले. आम्ही साऱ्याजणींनी ऐकले, वाण घेतले नि घरी आलो.

जिच्यासाठी ती माहिती होती, ती तिथे नव्हती. विधवा म्हणून तिला बोलावलेच नव्हते! आणि मीही तिला जाऊन सांगितले नाही. जूनमध्ये तिच्या थोरल्याने आठवीतून शाळा सोडली व गॅरेजात कामाला लागला. त्याचे काळे झालेले हात पाहिले, तेव्हा मला ताईंचे बोलणे आठवले. दोन मुलांचे वर्षाचे ५४,००० रुपये होतात. माझ्या पुरणपोळीची किंमत ती काय?

मग आम्ही दोघी मिळून कागद जमवले : मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, आधारकार्ड, उत्पन्नाचा व शाळेचा दाखला, बँकेचे पासबुक. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे करायचा असतो. हेलपाटे पडले, पण मंजुरी मिळाली. पोरगा पुन्हा शाळेत बसला, मात्र वर्गातल्या मुलांपेक्षा एक वर्षाने मोठा. ते वर्ष माझ्या विसराळूपणाने गेले.

बायका म्हणतात, सरकारचे पैसे घ्यायला लाज वाटते. भगिनींनो, ही भीक नव्हे. आपल्या शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. मूल शिकणे हे राज्याचेही काम आहे, हे कोल्हापूरने तेव्हाच ओळखले होते.

मुलींसाठी 'लेक लाडकी' योजना आहे. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेली मुलगी आणि घरी पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असेल, तर जन्मानंतर ५०००, पहिलीत ६०००, सहावीत ७०००, अकरावीत ८००० आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर ७५,००० रुपये मिळतात. आपल्या नात्यात, शेजारी अशी लेक असेल तर तिच्या आईला आजच सांगा.

शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. एका खेड्याला जमले, ते आपल्या पेठेला का जमू नये?

म्हणून माझी मंडळाला विनंती आहे. प्रत्येकीने आपल्या बोळातली दहा घरे वाटून घ्यावी. जिला लिहिता येते तिने अर्ज भरून द्यावा, जिला वेळ आहे तिने कचेरीत सोबत जावे. आणि येत्या संक्रांतीला वाण सर्व बायकांना द्यावे. आमच्या बोळातल्या त्या बाईला आमंत्रण द्यायला मी स्वतः जाणार आहे.

बोलण्यात काही चुकले असल्यास मोठ्या मनाने क्षमा करावी.