बधिर हातापायांची जोपासना



कुष्ठरोगाने बोटे झडतात, असा समज आपल्या समाजात अद्याप रूढ आहे. तो यथार्थ नव्हे. रोगजंतू बोटे खात नाहीत. ते मज्जातंतूंवर आघात करितात. त्यामुळे त्वचेस वेदना कळेनाशी होते, स्नायू दुर्बल होऊन बोटे वाकतात, किंवा पाऊल लुळे पडते. चुलीवरील तप्त पातेल्याने हात पोळतो, भातशेतीच्या बांधावरील काटा टाचेत रुततो, तरी मनुष्य काम करीतच राहतो. पुढे जखम चिघळून हाडापर्यंत पोहोचते, आणि बोटे आखूड होतात.

संत दामियन हे १८७३ साली मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांच्या सेवेस गेले. १८८४ साली कढत पाण्याने पाय पोळला असता त्यांस वेदना झाली नाही. रोग जडल्याची ती खूण होती. १८८९ साली ते निवर्तले. त्या काळी ह्या रोगावर रामबाण औषध नव्हते.

आज आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१-८२ च्या सुमारास पुरस्कारिलेला बहुविध औषधोपचार सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतो. सहा किंवा बारा महिन्यांत रोग बरा होतो. परंतु दीर्घकाळ गेलेली संवेदना बहुधा परतत नाही. बिघाड सहा महिन्यांच्या आतील असेल, तर उपचाराने पुष्कळदा सुधारतो. म्हणून बधिर चट्टा दिसताच, अथवा हातापायांतील शक्ती उणावताच, विलंब करू नये. वाकलेली बोटेही शस्त्रक्रियेने सरळ करिता येतात; वेलूर येथे डॉ. पॉल ब्रँड ह्यांनी व मुंबईस डॉ. नोशिर अंतिया ह्यांनी हे कार्य केले.

ज्यांचे हातपाय बधिर झाले आहेत, त्यांनी ते रोज पाण्यात भिजवून, ओल्या त्वचेवर तेल चोळावे. भांडे फडक्याने धरावे. मऊ तळव्याची, खिळे नसलेली पादत्राणे वापरावी. जखम झाल्यास त्या पायास विश्रांती द्यावी. आणि प्रतिदिनी सायंकाळी हातपाय नीट न्याहाळावे.

परंतु स्वतःचा तळवा स्वतःस नीट दिसत नाही, आणि लज्जेने मनुष्य पाय झाकून ठेवितो. येथेच घरच्यांचे व शेजाऱ्यांचे कर्तव्य आरंभते. आम्हां नवापूरकरांस आमची विनंती एवढीच, की अशा बांधवाचा तळवा दिव्यापाशी धरून पाहण्यास घरातील कोणी एकाने तरी रोज बसावे. ज्यास दुखत नाही, त्याची जखम दुसऱ्याच्या दृष्टीसच प्रथम पडावयाची.