अक्षम्य पाप आणि पश्चात्ताप

(ज्युबिली-महोत्सवप्रसंगीं झालेलें भाषण)



ज्युबिलीची मूळ आज्ञा लेवीय ग्रंथांत आहे. पन्नासाव्या वर्षीं रणशिंग वाजवावें, दासांस मोकळें करावें आणि हातची गेलेली वडिलोपार्जित जमीन ज्याची त्याला परत मिळावी, असा तो नियम होता. मुक्ततेच्या अशा उत्सवांत ‘अक्षम्य पाप’ हा विषय निवडलेला पाहून कोणासहि नवल वाटेल. परंतु देवाच्या क्षमेस सीमा आहे कीं काय, ही शंका मनांत असेपर्यंत मुक्ततेचा आनंद पुरा होत नाहीं.

प्रभु येशूनें भुतें काढलीं, तेव्हां शास्त्र्यांनीं तें सैतानाचें सामर्थ्य म्हणून हिणविलें. त्यावर प्रभूनें बजाविलें कीं, मनुष्यांच्या सर्व पापांची क्षमा होईल, परंतु पवित्र आत्म्याची निंदा करणारास क्षमा नाहीं. संत मार्काच्या शुभवर्तमानांत तिसऱ्या अध्यायांत हा प्रसंग आहे. तो वाचून कित्येक भाविकांच्या उरांत धडकी भरते. रागाच्या भरांत तोंडून गेलेला एखादा अपशब्द, तारुण्यांतील एखादें लज्जास्पद कृत्य आठवून ‘तें पाप माझ्या हातून तर झालें नाहीं ना?’ असें ते मनाशीं कुढत राहतात आणि त्याच भीतीनें पापनिवेदन टाळतात.

त्यांनीं धीर धरावा. संत ऑगस्टीन (३५४-४३०) यांनीं या वचनाचा असा अर्थ लाविला कीं, हें पाप म्हणजे मरेपर्यंत पश्चात्ताप नाकारणारें कठोर अंतःकरण होय. पापांची क्षमा पवित्र आत्म्याच्या द्वारें होते. त्यालाच जो झिडकारतो, तो औषध फेकून देणाऱ्या रोग्यासारखा आहे. वैद्य समर्थ आहे, औषध हाताशीं आहे. रोगीच तोंड मिटून बसला आहे. म्हणून ज्याला या पापाची भीति वाटते आणि क्षमेची तळमळ लागली आहे, त्याच्या ठिकाणीं पवित्र आत्मा अद्यापि कार्य करीत आहे, असें निश्चित समजावें.

पेत्र आणि यहूदा यांकडे पाहा. एकानें प्रभूला तीन वेळां नाकारलें, दुसऱ्यानें त्याला तीस रुप्याच्या नाण्यांना विकलें. दुःख दोघांनाहि झालें. यहूदानें तर पैसेहि परत केले. पण पेत्र रडला आणि शिष्यांत राहिला. यहूदा निराशेच्या अंधारांत एकटाच निघून गेला. दुःख पापाकडे पाहून तेथेंच थांबतें, पश्चात्ताप तेथून देवाकडे वळतो. १५५१ सालीं त्रेंत येथील धर्मसभेनें पश्चात्तापी मनुष्याचीं तीन कृत्यें सांगितलीं: अनुताप, पापनिवेदन आणि भरपाई. चोरीचा माल घरांत ठेवून केलेला अनुताप खरा कसा मानावा? आणि ‘देव दयाळू आहे, पुढें पाहूं’ असें म्हणून पाप करीत राहणें ही निराशेइतकीच घातक वृत्ति आहे.

आतां आपल्या सोलापुराकडे वळूं. १८७१ सालीं ब्रिटिश सरकारनें कायदा करून कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. तशा कायद्याचा अंमल पुढें मुंबई इलाख्यांतहि आला आणि आपल्या शहरांत तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. कैकाडी, पारधी आदि जमातींचीं कुटुंबें तेथें हजेरीच्या धाकांत राहत. पाळण्यांतील बालकाचा काय अपराध होता? ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं तो कायदा देशभर रद्द झाला. त्या भागास आजहि ‘सेटलमेंट’ म्हणतात. आणि तेथील तरुणाकडे पाहतांना कित्येकांच्या नजरेंतील संशय अद्यापि गेलेला नाहीं. त्या निरपराध्यांचें देणें न्यायाचें आहे. परंतु ज्यानें खरोखर गुन्हा केला, शिक्षा भोगली आणि पश्चात्ताप केला, त्यालाहि आपण उंबरठ्यावरूनच परतवितों. मनुष्याच्या कपाळावर ‘अक्षम्य’ हा शिक्का मारण्याचा अधिकार देवानें आपणांपैकीं कोणासहि दिलेला नाहीं.

म्हणून या ज्युबिलींत दोन गोष्टी करूं या. जो अनेक वर्षें पापनिवेदनापासून दूर राहिला आहे, त्यानें निःशंक यावें. तेथें सांगितलेलें गुपित धर्मगुरु प्राणापलीकडे जपतो. आणि ज्या भावाशीं आपण बोलणें टाकलें आहे, त्याच्या घरीं आपणच आधीं जावें. दयाघन परमेश्वर आपणां सर्वांस खरा अनुताप आणि क्षमाशील अंतःकरण देवो.