नवा दंडविधि आणि यात्रेकरूचें गांठोडें

गोंदियाहून डोंगरगडाकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, छत्तीसगडच्या सीमेलगत, दरेकसा हें छोटें स्थानक आहे. माघ पौर्णिमेच्या सुमारास कचारगडच्या यात्रेसाठीं नाना प्रांतांतील गोंड भाविक येथें येतात. अशा एखाद्या यात्रेकरूचें गांठोडें चोरीस गेलें, तर त्यानें दाद कोठें मागावी? ‘ही आमची हद्द नव्हे’ हें उत्तर ऐकून आजवर कित्येकांना परत फिरावें लागलें आहे.

१८६० सालीं संमत झालेली दंडसंहिता १८६२ पासून अमलांत होती. १ जुलै २०२४ रोजीं तिची जागा भारतीय न्याय संहितेनें घेतली. ५११ कलमांचीं ३५८ झालीं. चोरीचें कलम ३७८ होतें, तें ३०३ झालें. तथापि आंकड्यांच्या या अदलाबदलीपेक्षां कार्यपद्धतींतील बदल अधिक महत्त्वाचा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमान्वयें दखलपात्र गुन्ह्याची खबर, तो कोठेंही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यांत देतां येते. नोंदीची प्रतही विनामूल्य मिळते.

परंतु येथें एक मेख आहे. पांच हजार रुपयांहून कमी किमतीची चोरी नव्या अनुसूचींत अदखलपात्र ठरली आहे. दंडाधिकाऱ्याच्या आज्ञेवांचून पोलिसांस तिचा तपास करतां येत नाहीं. प्रथमच दोषी ठरलेल्यानें माल परत केल्यास त्याला केवळ समाजसेवेची शिक्षा व्हावी, हा हेतु दयेचा खरा. पण गरिबाचें सारें गांठोडें बहुधा याच किमतीचें असतें. म्हणून श्रोतेहो, खबर देतांना प्रत्येक वस्तु व तिची किंमत नीट लिहवून घ्यावी. तपास आपोआप सुरू व्हावयाचा कीं नाहीं, हें आतां त्या आंकड्यावर ठरतें.