थंडीतली पहाट आणि पाखरांचे फोटो

(मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या वेळी केलेले भाषण)



मागच्या खेपेस मी काढलेला बुलबुलाचा फोटो इथे हातोहात फिरला, आणि चिटणीसबाईंनी तिथल्या तिथे फर्मावले की पुढच्या वेळी यावर तुम्ही बोलायचे. मी भिडेपोटी हो म्हटले. तेव्हापासून माझी आमटी दोनदा खारट झाली आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. ओट्यापाशी उभे राहून बोलायची सवय आहे, माणसांपुढे नाही. तेव्हा चुकलेमाकले पोटात घालावे.

आधी कॅमेऱ्याची हकीकत सांगते. तो माझ्या मुलाचा. त्याने हौसेने जुना विकत घेतला, सहा महिने वापरला आणि नोकरीसाठी पुण्याला गेला. कॅमेरा कपाटात राहिला. दर दिवाळीला मी त्याच्यावरची धूळ पुसायची आणि परत ठेवायची. शेवटी आमचे हे म्हणाले, "नुसती पुसतेस काय? चालवून बघ की."

माझे माहेर इंदापूर तालुक्यात, उजनीच्या पाण्याच्या काठी. म्हणजे आताचे माहेर. आईचे जुने घर पाण्याखाली आहे. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पुरे झाले आणि काठची कितीतरी गावे उठली. पळसदेवचे पळसनाथाचे जुने देऊळ पाणी उतरले की उघडे पडते, ते तुमच्यापैकी पुष्कळजणींनी पाहिले असेल. आईचे घर मात्र मातीचे. ते कशाचे वर येते! तिला त्या घराची आठवण निघाली की भिंतींची निघत नाही, परसातल्या बाभळीवरच्या पाखरांची निघते. त्यांच्या आवाजाने ती जात्यावर उठायची.

आता आईला ऐकू येत नाही. हळूहळू गेले, त्यामुळे कधी गेले हे तिलाही कळले नाही. तीन वर्षांमागे पौषात मी माहेरी गेले होते. सकाळी ओट्यावर बसलो असता ती मला म्हणाली, "अलीकडं पाखरं वरडत न्हाईत गं. पाण्यानं गेली असतील." आणि त्याच वेळी समोरच्या बाभळीवर बुलबुल नुसता कलकलाट करीत होता. मी तिला खुणेने सांगितले, मोठ्याने सांगितले. ती हसली, पण तिला ते पटले नाही. तिला वाटले, मी तिची समजूत घालते आहे.

त्या दिवशी माझ्या मनाने घेतले की पाखरू ओरडताना दिसेल असा फोटो काढायचा आणि आईपुढे ठेवायचा.

माझा भाचा भिगवणच्या बाजूला होडी चालवतो. थंडीत रोहित पक्षी येतात, ते पाहायला लांबलांबचे लोक येतात, त्यांना तो नेतो. मी त्याला म्हटले, मला रोहित नको, बुलबुल दाखव. तो हसत सुटला. म्हणाला, "आत्या, बुलबुलासाठी होडी कशाला? बांधावर बस." पण पुढे त्यानेच मला शिकवले.

पहिली गोष्ट त्याने सांगितली ती उन्हाची. फोटो काढायचा तर सूर्य आपल्या पाठीशी हवा, हे आपण लग्नातल्या फोटोवाल्याकडून ऐकलेले. इथे उलटे करायचे. आपण उगवतीकडे तोंड करून बसायचे आणि पाखरू आपल्या आणि सूर्याच्या मध्ये येऊ द्यायचे. मग त्याच्या अंगाभोवती उजेडाची कड उमटते, पैठणीच्या काठासारखी. तुरा, पंखांची टोके, चोचीवरची बारीक लव, सगळे उजळून निघते.

यात वाफ कशी दिसते, हे स्वयंपाकघरातल्या बाईला सांगायला नको. दुपारी कौलातून कवडसा पडला की त्यात धूळ नाचताना दिसते, एरवी दिसत नाही. उन्हाकडे तोंड करून चहा ओतला तर वाफ लखलखते, उन्हाकडे पाठ केली तर जेमतेम दिसते. पाखराच्या श्वासाचेही तेच. त्याचे अंग आपल्यापेक्षा ऊन असते, चाळीस अंशांच्या वर. गार हवेत तो ऊन, ओला श्वास बाहेर पडला की त्याचे बारीक थेंब होतात आणि मागून ऊन आले की ते चमकतात. मात्र थंडी चांगली कडक हवी, हवेत ओल हवी आणि वारा पडलेला हवा. म्हणून पौषातली पहाट आणि पाण्याचा काठ. सूर्य वर येऊन हवा तापली की खेळ संपला. सातच्या सुमारास ऊन येते, त्यानंतर जेमतेम अर्धा तास हातात असतो.

पाखरामागे काळोख हवा, ही दुसरी गोष्ट. सावलीतला बांध, गर्द झाड, काहीही. मागे उजळ आभाळ आले तर वाफ दिसत नाही आणि पाखरू नुसते काळे उमटते. कॅमेऱ्याला स्वतःची अक्कल असते आणि तीच नडते. काळोख पुष्कळ दिसला की तो आपणहून चित्र उजळ करतो आणि उजेडाची कड पांढरी फटक होते. म्हणून उजेडाचे बटण उणे खुणेकडे एकदोन घरे न्यायचे. लेन्सवर थेट ऊन पडू नये म्हणून पुढे टोपण लावायचे, नाहीतर हाताची सावली धरायची. आणि कॅमेऱ्यातून थेट सूर्याकडे कधीही पाहायचे नाही. डोळा जाईल.

माझ्या चुकाही सांगते. पहिल्या दिवशी घरी येऊन मी कॅमेरा चुलीपाशी उघडला. लेन्सवर दव धरले, जसे गार तांब्यावर धरते. गारठलेला कॅमेरा पिशवीतच बंद ठेवावा आणि अर्ध्या तासाने काढावा.

दुसरी चूक मोठी होती. तीन पहाटा गेल्या तरी बुलबुल जवळ येईना. मी मोबाइलवर बुलबुलाचा आवाज शोधला आणि लावला. तो लगेच आला, अगदी समोरच्या फांदीवर. तुरा उभारून इकडून तिकडे उड्या मारू लागला. मी हरखले आणि पुन्हा लावला, पुन्हा लावला. भाच्याने माझा हात धरला. म्हणाला, "आत्या, बास कर. त्याला वाटतंय दुसरा कुणी त्याच्या जागेत शिरलाय. रात्रभर गारठून उठलंय ते. आता दाणापाणी बघायचं सोडून तुझ्या मोबाइलशी भांडतंय."

मला फार लाज वाटली. जिचे घर पाण्यात गेले त्या आईसाठी मी दुसऱ्याच्या घरात घुसून त्याला घाबरवत होते. मी मोबाइल बंद केला आणि त्या दिवशी एकही फोटो न काढता परत आले.

नंतर मी एकच केले. रोज त्याच बांधावर, त्याच जागी, तीच काळपट शाल घेऊन जाऊन बसले. सहाव्या दिवशी पाखरांनी मला बांधावरचा धोंडा समजून सोडून दिले. प्रथम वटवट्या आला. नावाप्रमाणेच बोलका, आपल्या मंडळात शोभला असता. मग बुलबुल बाभळीच्या शेंड्यावर बसला. पिसे फुगवून चेंडूसारखा झाला होता. मागून ऊन आले, शेपटीखालचा लाल रंग निखाऱ्यासारखा उजळला. त्याने चोच उघडली आणि चोचीतून वाफेची बारीकशी लड निघाली. बटण दाबताना माझी बोटे गारठली होती, तरी तीन फोटो आले. दोन हलले, एक साधला.

तो मी मोठा छापून घेतला आणि आईच्या हातात दिला. तिने चष्मा लावला. बराच वेळ वाफेवर बोट ठेवून बसली. मग म्हणाली, "वरडतंय की गं ह्ये." मी मान हलवली. ती म्हणाली, "म्हंजी मीच बहिरी झाले व्हय."

मला भरून आले. आनंद द्यायला गेले आणि तिला तिचे बहिरेपण दाखवून आले, असे वाटले. पण आई तशी नाही. दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे ओट्यावर येऊन बसू लागली आणि बाभळीकडे पाहू लागली. पाखराची चोच हलली की मला सांगते, "बघ, बोलला." आता पाखरे गेली असे ती म्हणत नाही.

भगिनींनो, यासाठी फार लांब जायला नको. आपल्या बारामती तालुक्यात सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे, १९९७ साली झालेले, सव्वापाच चौरस किलोमीटरांच्या आतलेच. तिथे चिंकारा आहेत, तसे माळावरचे चंडोलही आहेत. माळ म्हणजे पडीक जमीन असे आपण म्हणतो, पण चंडोलाचे घरटे त्या गवतातच असते. तिथे गाडी वाटेवरच ठेवावी, माळावर घालू नये. सोलापूरचे मारुती चितमपल्ली २०२५ साली गेले. त्यांनी जन्मभर रानात राहून पाखरांची मराठी नावे आपल्याला दिली. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालीम अलींचा १२ नोव्हेंबर. या आठवड्यात आपल्या राज्यात पक्षी सप्ताह पाळतात. पुढच्या वर्षी मंडळानेही एक पहाट त्यासाठी ठेवावी, अशी माझी सूचना आहे. कॅमेरा नसला तरी चालेल. शाल मात्र आणावी.

आणि घरात कुणा म्हाताऱ्या माणसाने "अलीकडे पाखरे ओरडत नाहीत" असे म्हटले, तर हसून सोडून देऊ नका. एकदा त्यांचे कान तपासून घ्या. आम्ही फार उशीर केला.

 तिळगूळ घ्या, गोड बोला.