काडतूस बसते म्हणून ते चालते असे नाही
(कळंबा, ता. करवीर येथील शेतकरी मेळाव्यातील भाषणावरून)



भुईमुगाला शेंग धरली, उसाला कांडी आली की रानडुकराचा त्रास सुरू होतो, हे आपणास मी सांगायला नको. आपल्यापैकी काही घरांत परवान्याची बंदूक आहे. कुठे आजोबांची ठासणीची, कुठे बारा बोअरची दुनळी. परवान्याच्या नूतनीकरणावर आपण पुष्कळ बोलतो. काडतूस मात्र मिळेल ते आणतो. आज तेवढ्यावरच बोलणार आहे.

बारा बोअर म्हणजे काय? नळीत बरोबर बसणाऱ्या शिशाच्या बारा गोळ्या एका पौंडात भरतात, म्हणून बारा. वीस बोअरच्या वीस भरतात. आकडा मोठा, नळी लहान; पहिली चूक इथेच होते. वीसचे काडतूस बाराच्या नळीत टाकले तर ते पुढे घसरून अडकते. घाईत नळी रिकामी वाटते. मागून बाराचे काडतूस भरून चाप ओढला की नळी डाव्या हातापाशी फुटते. दोन्ही बंदुका घरात असतील तर दोन्ही काडतुसे एका खिशात कधीही घालू नयेत.

याहून फसवी गोष्ट लांबीची आहे. बारा बोअरचे काडतूस ६५ मि.मी.चे, म्हणजे अडीच इंची असते, तसेच ७० मि.मी.चे, म्हणजे पावणेतीन इंचीही असते. हा आकडा उडालेल्या, तोंड उघडलेल्या काडतुसाचा. भरलेल्या काडतुसाचे तोंड दुमडलेले असल्याने ते आखूड असते. म्हणून ७० चे काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये बिनतक्रार बसते, बंदूकही मिटते. उडताना मात्र ती दुमड नळीच्या निमुळत्या भागात उघडते, वाट अडते आणि दाब वाढतो. आमच्या वडिलांच्या विलायती दुनळीत मी स्वतः दोन हंगाम अशी काडतुसे वापरली. खांद्याला धक्का जास्त बसे. मला वाटे, माल जोरदार आहे! एका जाणत्या कारागिराने नळीखालचा अडीच इंचाचा शिक्का दाखवला, तेव्हा घाम फुटला. आपणही शिक्का पाहून घ्यावा. वाचता येत नसेल तर परवानाधारक कारागिराकडून चेंबर मोजून घ्यावे.

जुन्या नळीवर लाटांसारखी नक्षी असेल, तर ती लोखंडी-पोलादी पट्ट्या पिळून केलेली, बहुधा काळ्या दारूच्या काळातली नळी आहे. आजची काडतुसे तिच्यात उडवू नयेत. आवळलेल्या तोंडाच्या नळीत, काडतुसाच्या डब्यावर तशी मुभा लिहिलेली नसेल, तर एकगोळीचे काडतूस घालू नये.

ठासणीच्या बंदुकीला फक्त काळी दारू. काडतूस फोडून त्यातली दारू ठासणारे महाभाग मी पाहिले आहेत. ही दारू तेवढ्याच मापात कितीतरी जास्त दाब करते. गजावर रिकाम्या आणि भरलेल्या नळीची खूण करून ठेवावी, म्हणजे दोनदा ठासले जात नाही.

थोड्या जणांकडे ३१५ बोअरची रायफल आहे. नळीवर जो बोअर कोरला आहे तेच काडतूस. जवळपासचा आकडा चालत नाही. तिची गोळी दोन किलोमीटरच्याही पुढे जाते. दुनळीतले एलजीचे जाड छर्रे अर्ध्या किलोमीटरपलीकडे जातात. उसात तर दहा फुटांपुढचे दिसत नाही. रात्रीच्या विजेवर पाणी पाजणारा गडी, बांधालगतची ऊसतोड टोळीची खोपी, हे सगळे त्याच दिशेला असते. पाला सळसळला म्हणून त्यावर बार टाकू नये. जनावर पूर्ण दिसले पाहिजे आणि त्याच्या मागे मातीचा बांध असला पाहिजे. कायद्याचेही सांगतो: गव्यावर बंदूक रोखायचीच नाही, तो १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. रानडुकरासाठीही वनखात्याची लेखी परवानगी आधी हवी.

चाप ओढूनही बार उडाला नाही तर तोंड जमिनीकडे, मोकळ्या दिशेला धरून निदान एक मिनिट थांबावे. ठासणीची असेल तर आणखी जास्त. आवाज फुसका आला तर पुढचे काडतूस भरण्यापूर्वी नळीतून आरपार उजेड पाहावा, कारण डट्टा आत राहिलेला असू शकतो.

निवडणुकीत जमा केलेली बंदूक परत आली की हेच करावे. दोन महिने उभ्या राहिलेल्या नळीत कुंभारीण माशी मातीचे घर करते. बोटाएवढी माती, पण नळी फाडायला पुरते. आणि काडतुसे खताच्या पोत्यांशेजारी ठेवू नयेत. तिथे ओल धरते, पितळेला हिरवा गंज चढतो. तसा गंज चढलेली किंवा फुगलेली काडतुसे वापरू नयेत, चुलीत टाकू नयेत. परवानाधारक विक्रेत्याला किंवा पोलीस ठाण्यात विचारून जमा करावीत.