आनंदीबाईंचें लुगडें

व्यवसाय करणाऱ्या स्त्रीनें काय नेसावें, हा वाद आपणांस नवा वाटतो. पण तो १८८३ इतका जुना तरी आहेच. त्या वर्षीं आनंदीबाई जोशी वैद्यक शिकावयास अमेरिकेस निघाल्या. हिंदु म्हणून जाईन आणि हिंदु म्हणूनच परतेन, असें त्यांनीं निघण्यापूर्वीं बंगालमधील श्रीरामपूरच्या सभेंत सांगितलें होतें.

फिलाडेल्फियाच्या थंडीला मात्र सभेंतलें वचन कोठून ठाऊक असणार! नऊवारी लुगड्याचा काष्टा घातला कीं पोटऱ्या उघड्या राहात. गोरा पोषाख करावा, तर घरचे लोक काय म्हणतील? अखेर त्यांनीं आंत परकर घालून गुजराथी पद्धतीनें पायघोळ साडी नेसण्यास आरंभ केला. वस्त्र तेंच, नेसण्याची रीत तेवढी बदलली. १८८६ सालीं त्या एम्. डी. झाल्या.

आज शस्त्रक्रियागृहांत स्त्रीपुरुषांना सदरा-पायजम्याचा एकच वेष असतो. तेथें प्रश्न जंतूंचा, अब्रूचा नव्हे. तो वेष उतरवून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, कीं त्यांची ओढणी मात्र अजून न्याहाळली जाते. शेजारून जाणाऱ्या डॉक्टरांचा सदरा कसा आहे, हें कोणी पाहात नाहीं.