आपल्याविरुद्ध जाणारे उत्तर



अतिसंवाहक क्वांटम संगणकाची वार्ता आज सर्वत्र ऐकू येते. या यंत्राच्या मुळाशी एक प्रश्न आहे. तो प्रश्न दीर्घकाळ उराशी बाळगणाऱ्या एका सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञाची, सर अँथनी लेगेट यांची, ओळख मी आज करून देणार आहे.

लेगेट यांचा जन्म १९३८ साली लंडन येथे झाला. ऑक्सफर्डला त्यांनी प्रथम ग्रीक-लॅटिन वाङ्मय व तत्त्वज्ञान यांचे अध्ययन केले. भौतिकशास्त्राकडे ते त्यानंतर वळले. पुढे क्योटो येथे राहून ते जपानी भाषा शिकले आणि तेथील भौतिकशास्त्रज्ञांनी इंग्रजी लेखन कसे करावे यावर १९६६ साली त्यांनी एक टिपण लिहिले. जपानी लेखनाचा रोख अनेकदा शेवटी उलगडतो, इंग्रजीत तो आरंभापासून स्पष्ट असावा लागतो, हे त्यांचे निरीक्षण माझ्यासारख्या अनुवादिकेला आजही मार्गदर्शक वाटते. द्रवरूप हीलियम-३ वरील त्यांच्या संशोधनाला २००३ साली नोबेल पारितोषिक लाभले.

आता तो प्रश्न. पुंजयामिकीनुसार अणू एकाच वेळी दोन अवस्थांत असू शकतो. परंतु मेज किंवा खुर्ची तशी कधी आढळत नाही. मग या नियमांची सीमा कोठे? हा वाद तत्त्वज्ञांसाठी सोडून न देता प्रयोगशाळेत न्यावा, असे लेगेट यांनी १९८० साली प्रतिपादन केले. त्यासाठी त्यांनी निवडले ते अतिसंवाहक मंडल. त्यात असंख्य इलेक्ट्रॉन जणू एकदिलाने वाहतात. तो सामुदायिक प्रवाह अणूप्रमाणे वागतो काय, हे पाहावयाचे होते. भोवतालच्या घर्षणाने हा परिणाम किती क्षीण होईल, याचे गणितही त्यांनी आपले विद्यार्थी काल्देइरा यांच्यासह १९८१ साली मांडले. त्यामुळे प्रयोगकर्त्यांना पडताळण्याजोगे काही हाती आले.

१९८५ साली बर्कली येथे क्लार्क, देवोरे व मार्टिनिस यांच्या प्रयोगांनी कौल दिला: असे मंडलही पुंजनियम पाळते. १९९९ साली जपानमध्ये नाकामुरा व सहकाऱ्यांनी अशाच मंडलाच्या दोन अवस्थांवर नियंत्रण मिळविले. बर्कलीच्या त्या तिघांना २०२५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मित्रहो, यातील मर्म वेगळेच आहे. मोठ्या वस्तूंच्या बाबतीत पुंजयामिकी कोठेतरी अपुरी पडेल, अशी लेगेट यांची स्वतःची शंका होती. प्रयोगाचे प्रत्येक यश त्या शंकेच्या विरुद्धच जात राहिले. तथापि त्यांनी कसोटी सैल केली नाही. उलट १९८५ सालीच अनुपम गर्ग यांच्यासह अधिक कठोर कसोटी रचली. आपल्या मताविरुद्ध उत्तर येऊ शकेल असा प्रश्न चोखपणे विचारणे, हीच विद्वत्तेची खरी परीक्षा होय. नव्या संगणकाचा पाया घातला गेला तो अशा प्रामाणिक शंकेतून, एवढे ध्यानी ठेवावे.